चंपतकाकांची बरणी

लघवी उकळली की माणूस किती खरं बोलतो ते मला कळतं, असं मी वांकिडीत छाती ठोकून सांगत असे. हसू नका. सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. एकोणनव्वद सालची गोष्ट. तेव्हा साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. निळं राहिलं तर माणूस सुटला. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत गेलं की समजायचं, साखर वाढत चालली. आणि विटकरी झालं की मी ती नळी पेशंटच्या नाकासमोर धरून त्याची चांगली हजेरी घेत असे. जीभ माझी तिखट. अख्ख्या गावाला सल्ले द्यायचे, ओरडायचं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरून जायचं, ही माझी रीत.

त्या वर्षी सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली ती चंपतकाकांनी. दर सोमवारी त्यांची नळी विटकरी.

चंपतकाका म्हणजे चंपतराव, आमच्या घरामागे राहत. मिलिटरीत बावीस वर्षं काढून आलेले. पण बंदूक त्यांनी फार थोडी चालवली. ते ऑफिसरांच्या मेसमध्ये अब्दार होते. अब्दार म्हणजे साहेब लोकांना दारू भरून देणारा. बाटल्या सांभाळायच्या, पेले पुसायचे, कोणत्या साहेबाला काय लागतं ते न विचारता पुढे ठेवायचं. तिथं एक कर्नल होता, रमचा भारी शौकीन. जगातल्या कुठल्या कुठल्या बेटांवरच्या बाटल्या त्याला भेट येत. तो चार पेले ओळीत मांडायचा आणि काकांना म्हणायचा, चाख आणि सांग, कोणत्या रममध्ये मागाहून साखर घातली आहे. चुकलं की पेले धुवायचे, बरोबर आलं की उरलेला घोट आपला. अशा शाळेत काकांची जीभ शिकली.

ती विद्या त्यांनी वांकिडीला आणली. आधी नुसता वास, तोही तोंड थोडं उघडं ठेवून. मग थेंबभर जिभेवर. शेंड्याला लाडीगोडी लावून गेली की साखर, मागे घशाशी चावली की कच्चं स्पिरिट, आणि मधोमध बसून जीभ कोरडी केली की माल चोख. त्यानंतर दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि वाळेपर्यंत हात चोळायचे. चोख रम उडून जाते, हात कोरडे. साखर घातली असली की तळवे चिकटतात. इतकं करूनही कोणाला शंका उरली तर शेवटचा साक्षीदार मुंगळा. बशीत थेंब सांडून भिंतीशी ठेवायचे आणि बसायचं वाट पाहत.

साखर घालणाऱ्याचा त्यांना मनस्वी राग. ते म्हणत, रम मळीपासून होते हे खरं, पण मळीतल्या गोडाची दारू होऊन जाते, ऊर्ध्वपातनात गोड वर येतच नाही. मग बाटलीत जे गोड लागतं ते कोणीतरी वरून घातलेलं. आणि वरून कोण घालतो? ज्याला काही लपवायचं असतं तो. वाईट माल नाकातोंडातून पकडला जाऊ नये म्हणून तोंडाला लावलेली पावडर आहे ती, असं ते दहादा सांगत. मी जखम बांधत बसलेली असे आणि मनात म्हणे, काय माणसाची एकेक खुळं.

महिन्यातून एकदा ते कागजनगरहून रेल्वेने सिकंदराबादला जात आणि मिलिटरी कँटीनमधून आपल्या कोट्याची रम आणत. पण बाटलीतून सरळ पीत नसत. कर्नलकडे म्हणे काचेचं नक्षीदार भांडं होतं, रम त्यात ओतून आठ दिवस निवत ठेवायची. काकांकडे नक्षीदार भांडं कुठलं? त्यांनी लोणच्याची चिनी मातीची बरणी घासूनपुसून घेतली होती. आल्या आल्या सगळ्या बाटल्या बरणीत रिकाम्या करायच्या, वर फडकं बांधायचं आणि माजघरात रांजणाच्या गारव्याला ठेवायची. मग आठ दिवस बरणीकडे पाहायचंसुद्धा नाही. बाकीच्या माजी सैनिकांचा कोटा वीस दिवसांत संपे. काकांची बरणी पुढच्या महिन्यापर्यंत पुरे, आणि तेही पूर्वी दोन पेले घेत ते आता चार घेत असताना. याचा त्यांना केवढा अभिमान. म्हणत, वय वाढून राह्यलं तशी माही ताकद वाढून राह्यली. त्यांची बायको जयवंताबाई, म्हणजे आमच्या काकू, खाली मान घालून भाकरी थापत राहत. फार कमी बोलणारी बाई.

तर त्या वर्षी होळीच्या सुमारास काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम भरेना. मंचेरियलच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या आणि गोड बंद केलं. काकांनी ते मिलिटरीचा हुकूम असल्यासारखं पाळलं. चहा बिनसाखरेचा. आंब्याच्या दिवसांत आंब्याला हात लावला नाही. अक्षय्यतृतीयेला पानातली पुरणपोळी उचलून काकूंच्या ताटात ठेवली. रम मात्र सोडली नाही. डॉक्टरने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणि मी विचारलं तेव्हा मलाच शाळा शिकवली: माझी रम कोरडी आहे, तिच्यात साखरेचा कण नाही, हात चोळून पाहा. मी काही हात चोळून पाहिले नाहीत. हीच माझी पहिली चूक.

कारण नळी दर सोमवारी विटकरीच. मग मी काय करणार? मी म्हणाले, तुम्ही चोरून खाता. चारचौघांत म्हणाले, दवाखान्याच्या ओट्यावर, बायका पोरं घेऊन बसलेल्या असताना. बावीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याच्या मालाला हात लावला नाही, त्याला मी गुळाची ढेप चोरणारा ठरवला. ते तेव्हा मला एवढंच म्हणाले, "मी चोरून खात नाई व बाई. तू नळीले इचार, मले काऊन इचारतं?" मी नळी त्यांच्यासमोर हलवली आणि म्हटलं, नळीनेच सांगितलं.

श्रावण आला तेव्हा अंगठ्याच्या टोकाशी काळं दिसू लागलं. मंचेरियलच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, पोळ्यानंतर पंधरा दिवसांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि काळं वर सरकलं तर पाय. काकू त्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यात बसून राहिल्या. विचारत होत्या, अजून काय बंद करू? भात बंद केला, बटाटा बंद केला, आता काय राहिलं? मी म्हणाले, त्यांचे खिसे तपासा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. बैलांचा मान झाला, आता माणसांचा. मटण शिजतं, गडीमाणसं मोकळी होतात. काकांच्या अंगणात दरवर्षी करीला रमची परीक्षा होई. रिटायर झालेले मास्तर पांडुरंगराव पाटावर खडूने एक ते चार आकडे लिहून पेले मांडत. कुठला पेला कशाचा ते फक्त त्यांनाच ठाऊक. काका चाखून सांगत, आणि आजवर एकदाही चुकले नव्हते. राजुऱ्याकडची माणसंसुद्धा पाहायला येत.

मी तिथं होते ती जखम बांधायला. सकाळचं राहून गेलं होतं, म्हणून दुपारी पेटी घेऊन गेले. काका खाटेवर, पाय माझ्या मांडीवर, समोर पाट. त्या वर्षी शेजारच्या गावचा डोमाजी आला होता. तोही माजी सैनिक, आणि त्याच कँटीनची, त्याच नावाची बाटली त्याने सीलबंद आणली होती. मास्तरांना गंमत सुचली. त्यांनी एका पेल्यात डोमाजीची बाटली फोडून ओतली आणि एकात काकांच्या बरणीतली. उरलेल्या दोहोंत राजुऱ्याच्या दुकानातली रम आणि कुठूनशी आणलेली मोहाची.

मोहाची काकांनी वासावरच बाजूला सारली. राजुऱ्याची चाखून म्हणाले, रंग घातला, साखर घातली, पोरासोरांचं काम. मग पहिला पेला घेतला. तो डोमाजीचा. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, ही बनावट आहे, घशाला चावते, कोणीतरी नुसतं स्पिरिट भरून कँटीनचं नाव लावलं आहे. डोमाजीचा चेहरा पडला. मग तिसरा पेला. काकांनी डोळे मिटले, घोट जिभेवर फिरवला आणि हसले. "हे माही बरणी. कोरडी खडखडीत. साखरेचा कण दाखवा, मिशी उतरवतो."

मास्तरांनी सांगून टाकलं, की पहिली कँटीनचीच, सील माझ्यासमोर फोडलं. तीच रम, चंपतराव, तुमचीच. काका म्हणाले, शक्यच नाही. डोमाजी म्हणाला, मग मुंगळ्यांनाच विचारू. काकांनीच शिकवलेली रीत, नाही कशी म्हणतील? चार बशांवर आकडे लिहिले, थेंब सांडले आणि बशा भिंतीच्या कडेला उन्हात ठेवल्या. माणसं मटणाच्या वासाकडे वळली. मी पट्टी सोडत होते. काळं नखापासून पार सांध्याशी आलं होतं आणि माझं सगळं ध्यान तिकडे होतं.

थोड्या वेळाने अंगण एकदम गप्प झालं म्हणून मी मान वर केली. भिंतीच्या फटीतून मुंगळ्यांची रांग निघाली होती. डोमाजीच्या बशीला वळसा घालून गेली, मोहाच्या बशीला वळसा घालून गेली. राजुऱ्याच्या बशीशी चार-सहा थांबले. आणि तिसरी बशी काळी झाली होती. थेंब दिसत नव्हते इतके मुंगळे.

काकांनी तिसऱ्या पेल्यातली रम तळहातावर घेतली आणि हात चोळायला लागले. स्वतःच्या बरणीची ही परीक्षा त्यांनी आजवर कधी घेतलीच नव्हती. चोळत राहिले, चोळत राहिले. शेवटी ते हात उघडायला गेले तर तळवे चिकटले. कातडी ओढून सुटली, बारीकसा आवाजही झाला. रोज चार पेले, होळीपासून. आधीचं तर सोडाच. मी ज्याला चोर म्हणत होते त्याने आंबा सोडला, पुरणपोळी सोडली, आणि दर संध्याकाळी तो पाक पीत होता.

काकांनी दाराकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, हातात मटणाचं पातेलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि काही भयंकर होईल. वीस माणसं बसली होती अंगणात. काकांनी हात धोतराला पुसले आणि मास्तरांना म्हणाले, "माही जीभ गेली, मास्तर. वय झालं. आता मले चाखायले बोलावू नका." बाकी एक शब्द नाही. ज्या जिभेवर आयुष्यभर मिरवले ती त्यांनी एका वाक्यात मोडीत काढली, पण बायकोचं नाव घेतलं नाही. माणसं जेवली, खाली माना घालून निघून गेली.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. तरातरा माजघरात गेले. काकू बरणीपाशी बसल्या होत्या. मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. म्हटलं, तुम्ही नवऱ्याला मारायला निघाला होता का? अहो, डॉक्टर पाय कापायला निघालाय आणि तुम्ही बरणीत साखर घालता? माझ्या दारात येऊन विचारता, अजून काय बंद करू?

काकूंनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी काकांना कावीळ झाली होती. लिव्हर जाईल, दारू तोडा, असं डॉक्टर म्हणाला होता. काका ऐकेनात. म्हणून काकूंनी बरणीत पाणी घालायला सुरुवात केली. थोडी रम काढून ठेवायची, तेवढंच पाणी ओतायचं, आणि काढलेली रम पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यातच, म्हणून बरणी महिनाभर पुरे. पण पाण्याने रंग उतरला, चव पातळ झाली, आणि ती जीभ तर पाणी लगेच पकडणार. मग त्यांनी कढईत साखर करपवून काळा पाक केला आणि घातला. जसं पाणी वाढत गेलं तसा पाक वाढत गेला. इतकं हळूहळू, की काकांची जीभ त्यालाच चोख म्हणू लागली. आणि साखरेचा आजार निघाला तेव्हा? मी विचारलं. तेव्हा तुमच्या ध्यानात नाही आलं? त्यांच्या हिशेबी ती साखर उरलीच नव्हती. जळलेल्या लाकडाचा कोळसा होतो, तो कोणी लाकूड म्हणतं का? करपलेलं कडू लागतं, मग ते गोड कसं? चहातली चिमूट त्यांनी मोजून बंद केली होती, आणि इथं मुठीने घालत होत्या.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काकू, असला शहाणपणा तुम्हाला शिकवला तरी कोणी?

त्या अगदी हळू म्हणाल्या, "तूच सांगतलं होतं व बाई. लस द्याच्या दिवशी."

मी म्हणणार होते, काहीतरीच काय. पण तेवढ्यात मला आठवलं. शाळेच्या व्हरांड्यात लस चालली होती, पोरं रडत होती, माझ्या हातात सुई. काकू रांगेच्या कडेला डोळे पुसत उभ्या होत्या. नवरा दारू सोडत नाही म्हणाल्या. मी न बघताच म्हणाले होते, बरणीत पाणी घाला. त्या म्हणाल्या, त्यांना चव कळते. आणि मी, पुढच्या पोराचा दंड धरत, म्हणाले होते, मग घाला काहीतरी गोडधोड, कळतंय काय. बस, एवढंच. घरी येईतो विसरलेसुद्धा. चार वर्षं मी विसरले होते आणि चार वर्षं ही बाई माझा शब्द कढईत ढवळत होती. मी तिथंच भुईवर बसले.

बरणी त्याच संध्याकाळी मी आणि काकूंनी मोरीत ओतली. पुढच्या सोमवारी नळी नारिंगी झाली, त्याच्या पुढच्या सोमवारी पिवळी. पण अंगठ्याने वाट पाहिली नाही. मंचेरियलला तो काढला. पाय वाचला. दिवाळीनंतर एका सोमवारी नळी उकळली तरी निळीच्या निळी राहिली, आणि काकांनी ती हातात घेऊन उजेडात धरली. त्यानंतर ते गावभर सांगत सुटले, की या पोरीने माझा पाय वाचवला. आणि घरात काकूंना टोचून टोचून बोलत. ज्या माणसाने वीस जणांसमोर बायकोला झाकलं, तो चार भिंतींत तिला रोज उघडी पाडत होता. अंगठा खाल्ला माहा, असं जेवताना म्हणत. मी समोर पट्टी बांधत असे. काकू ताट आणून ठेवत. त्या माझ्याकडे पाहत नसत, मी त्यांच्याकडे पाहत नसे. लाज वाटते सांगायला, पण वर्षभर मी तोंड उघडलं नाही. एवढी बोलकी बाई मी.

पुढच्या वर्षीच्या करीला अंगणात पेले नव्हते. मास्तर, डोमाजी, दोघेचौघे नुसतेच बसले होते. मी पाय पाहायला गेले होते. काकांनी आता त्यांच्यासमोरही तेच सुरू केलं, की घरच्या बाईने घालवला आणि नर्सबाईने वाचवला. काकू चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. मला नाही सोसलं. मी म्हणून गेले, "काका, पाणी आणि गोड घालायला मीच सांगितलं होतं."

सगळं सांगितलं. लसीचा दिवस, सुई, रांग. काकांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. माझ्याकडे नाही, ते काकूंकडे वळले. "मंग तू सालभर काऊन ऐकून घेतलं?"

काकूंनी कप खाली ठेवले. "हे रोज तुमचा पाय बांधत होती," त्या म्हणाल्या. "हिचं नाव घेतलं असतं, तं तुमी पाय हिच्या हाती देला असता का?"

डोमाजी जमिनीकडे पाहत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकांनी चहाचा कप उचलून आधी काकूंच्या हातात दिला, आणि पाय माझ्यापुढे केला.